हाताचं माप : मनगट मोडल्यावर फिजिओथेरपी कशी करून घ्यावी

प्लास्टर काढून पाचवा दिवस होता. लांज्याहून रत्नागिरीला निघाले होते. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि उरलेले सुटे पैसे पुढे केले. मी उजवा हात पसरला, तर नाणी घरंगळत थेट सीटखाली. तळहात उताणा झालाच नव्हता. मला आपलं वाटत होतं की झाला. प्रत्यक्षात तो भिंतीसारखा उभा, अंगठा आभाळाकडे. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हात नीट धरा." नीटच धरला होता की हो!

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-बिडिंग, तीस वर्षं झाली. २०२४ च्या आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी परड्यातल्या जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळावरून पाय सटकला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. मनगटाच्या वर टेंगूळ, खाली खोलगट, हात बाजूने बघितला तर जेवायच्या काट्यासारखा वाकडा. डॉक्टरांनी हाड ओढून बसवलं आणि सहा आठवडे प्लास्टर घातलं. म्हणाले, याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. अब्राहम कॉलिस नावाच्या डब्लिनच्या सर्जनने १८१४ मध्ये याचं वर्णन लिहिलं, म्हणजे एक्स-रे निघायच्या ऐंशी वर्षं आधी. नुसता हात बघून आणि चाचपून. तेव्हा ते कानाआड केलं. पुढे एका फिजिओथेरपिस्टने माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा आठवलं.

प्लास्टर निघालं म्हणजे सुटलो, असं वाटतं. हाड जुळतं, पण हात परत येतो तो वेगळाच आणावा लागतो. आत जो हात निघतो तो आपला वाटतच नाही: बारीक, कोंडा धरलेला, बोटं सुजलेली, मूठ अर्धी. तो परत कसा आणायचा, त्यासाठी कुणाकडे जायचं आणि तिथे काय बघायचं, एवढंच सांगते. यातला अर्धा शहाणपणा चुका करून आलेला आहे.

प्लास्टरमध्ये असतानाच

ही पहिली चूक. सहा आठवडे मी हात झोळीत घालून बसले. कुणी आलं की झोळी दाखवायची, सहानुभूती घ्यायची. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट तर आखडलेलं होतंच, पण खांदाही वर जाईना. आंबाडा घालता येईना. खांद्याला काहीही लागलेलं नव्हतं. नुसता न हलवल्याने तो धरला.

म्हणून प्लास्टर ओलं असतानाच डॉक्टरांना विचारा, "कोणते सांधे मोकळे आहेत आणि ते किती हलवू?" बहुतेक वेळा बोटं, कोपर आणि खांदा मोकळे असतात. दर तासाला झोळीतून हात काढायचा, डोक्यावर न्यायचा, कोपर वाकवून सरळ करायचं. बोटांच्या पाच मुद्रा मला नंतर शिकवल्या, त्या तेव्हाच करायला हव्या होत्या: बोटं सरळ, मग नुसती टोकं दुमडून आकडा, मग पूर्ण मूठ, मग बोटं सरळ ठेवून मुळाशी काटकोन, मग बोटांची पेरं तळहाताला टेकवून चपटी मूठ. बोटांना हलवणाऱ्या दोऱ्या मनगटातूनच जातात. त्या आत चिकटू नयेत म्हणून हे. सूज असेल तर हात उशीवर, छातीपेक्षा उंच. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आधी काढा. माझी अंगठी सोनाराकडे कापून घ्यावी लागली.

पहिल्या ठिकाणी काय झालं

प्लास्टर २९ ऑगस्टला निघालं. गणपती ७ सप्टेंबरला. घाईघाईने रत्नागिरीत कुणीतरी सांगितलेल्या एका ठिकाणी जाऊ लागले. नाव घेत नाही, कारण अशी ठिकाणं प्रत्येक गावात आहेत. एका हॉलमध्ये आठ खाटा, मध्ये पडदे. एकीची कंबर, एकाचा गुडघा, माझं मनगट. आल्यावर शेकायची पिशवी, मग पंधरा मिनिटं एका मशीनच्या पट्ट्या, मग "चेंडू दाबा काकू, उद्या या." सहा दिवस गेले. शेकाने बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण सहा दिवसांत एकदाही कुणी माझा चांगला हात या हाताच्या शेजारी ठेवून बघितला नाही. मी काय काम करते हे कुणी विचारलं नाही. त्यात जाऊन-येऊन तीन तास एसटीत. बायकांना तिकीट अर्धं आहे म्हणून परवडलं.

गणपतीत तीर्थ घ्यायला हात उताणा होईना. भटजींनी डाव्या हातावर देणं शक्य नव्हतं, त्यांनी वाट बघितली. शेवटी मी डाव्या हाताने उजवा हात खालून धरून वळवला. तेवढ्यात अर्धं तीर्थ साडीवर. त्या वर्षी मोदकांच्या पाऱ्या जावेने केल्या, आणि मी पाटावर बसून सारण ढवळलं. डाव्या हाताने.

गौरी-गणपती गेल्यावर ठरवलं, असं नाही चालायचं. गिऱ्हाइकाचं माप न घेता मी कापडाला कात्री लावत नाही. मग माझ्या हाताला कुणी माप न घेता व्यायाम कसा देतं?

माणूस कसा शोधावा

आधी शिक्षण बघा. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) किंवा एमपीटी (त्यापुढची पदवी) हवी. आपल्या राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची परिषद आहे, तिच्याकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मसाज शिकलेला, जिममधला, पिढीजात हाडं बसवणारा ही वेगळी माणसं. आमच्या वाडीतल्या एका आजोबांनी प्लास्टर निघाल्यावर तेल लावून मनगट जोराने मोडून घेतलं, "एकदाच कळ सोस" म्हणून. त्यानंतर त्यांचा हात दोन महिने भाकरीसारखा फुगलेला होता.

मग फोनवर तीन प्रश्न विचारा. एका वेळी तुम्ही एकच पेशंट बघता का? दर वेळी मला तुम्हीच बघणार का? पहिल्या दिवशी किती वेळ द्याल? माझ्या फिजिओने सांगितलं, "पहिल्या दिवशी पाऊण तास, नंतर अर्धा." चारशे रुपये भेटीचे. पहिल्या ठिकाणी दीडशे होते. महाग वाटलं खरं. पण तिथे रोज या म्हणत होते, आणि ही म्हणाली, "आठवड्यातून एकदा या, बाकीचं घरी."

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. तिथे गर्दी असते, त्यामुळे एकटीला अर्धा तास मिळेल असं नाही. पण केसपेपर काढल्यावर एवढं सांगा, "मला रोज येता येणार नाही, माझं माप घेऊन घरचा व्यायाम दाखवा आणि पंधरा दिवसांनी तपासा." दहा मिनिटं सगळं लक्ष तुमच्या हातावर असेल तर ती दहा मिनिटंही पुरतात. हॉलमधल्या दोन तासांना ती सर नाही.

पहिली भेट : इथेच सगळं कळतं

जाताना एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची यादी न्या. सैल बाहीचं घाला. आणि कामाची एखादी वस्तू न्या. मी कात्री नेली होती, दहा इंची. ती बघून फिजिओ मुलगी हसली. माझ्या लेकीच्या वयाची होती. पण कात्री तिने बाजूला ठेवली नाही. मला ती कशी धरते ते करून दाखवायला सांगितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग म्हणाली, "काकू, हात उताणा करा." मी केला. मला तर बऱ्यापैकी झाल्यासारखा वाटला. तिने नॅपकिनची वळकटी करून माझ्या कोपर आणि बरगडीच्या मध्ये ठेवली, मुठीत उभी पेन्सिल दिली, आणि म्हणाली, "आता परत करा, वळकटी पडता कामा नये." मी हात वळवला आणि वळकटी पडली. परत ठेवली, परत पडली. तिसऱ्या वेळी दम धरून कोपर अंगाला दाबून ठेवलं, तर पेन्सिल जरा कलली आणि थांबली. पुढे जाईचना.

"बघितलंत? मनगट वळतच नाहीये. कोपर बाहेर काढून, अंग कलवून तुम्ही हात वळल्यासारखा दाखवताय. खांदा चोरी करतोय."

नंतर तिने दोन पट्ट्यांचं कोनमापक लावलं. उताणा हात : डावा ८५ अंश, उजवा २५. मनगट मागे : डावं ६५, उजवं २०. मूठ आवळायच्या यंत्रावर डावी १८ किलो, उजवी ४. माझ्या मापाच्या वहीसारखे आकडे, एकाखाली एक. तीस वर्षं मी दुसऱ्यांची छाती-कंबर लिहीत आले. स्वतःचा आकडा वहीत बघून घशात आवंढा आला, आणि बरंही वाटलं. आकडा आहे म्हणजे तो वाढवता येतो.

दुसरी चोरी तर मला कधीच कळली नसती. मनगट वर उचला म्हणाली, तर मी बोटं ताठ करून उचलत होते. म्हणजे मनगटाचे स्नायू झोपलेले आणि बोटं उघडणारे स्नायू त्यांचं काम करत होते. अशा हाताने वस्तू धरायला गेलं की मूठ आपोआप उघडते. म्हणूनच हातातून पळी सुटायची! तिने मुठीत पेन्सिल धरायला लावली आणि मूठ न उघडता मनगट उचलायला सांगितलं. जेमतेम बोटभर उचललं गेलं. आणि त्या हॉलमध्ये मी सहा दिवस चेंडू दाबत बसले होते.

एकट्या पेशंटकडे बघण्याचा फायदा हाच. व्यायाम तर मुंबईहून मुलानेही पाठवले होते, मोबाइलवर पाच व्हिडिओ. व्हिडिओतली बाई तिचं मनगट हलवते. माझं कोपर कुठे चाललंय ते तिला दिसत नाही. चुकीचा व्यायाम दिवसातून चार वेळा केला तर चोरीच पक्की होते.

पहिल्या भेटीत असं काही झालं नाही, दोन्ही हात तपासले नाहीत, आकडे लिहिले नाहीत, रोजचं काम विचारलं नाही, थेट मशीनवर बसवलं, तर दुसऱ्या भेटीला जाऊ नका.

घरचा व्यायाम

खरं काम घरी होतं. तिने मला चारच व्यायाम दिले. जास्त दिले की माणूस एकही करत नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते माझ्या बाबतीत तरी खरं आहे.

आधी कोमट पाण्याच्या टोपात दहा-पंधरा मिनिटं हात बुडवायचा, त्यातच बोटांच्या पाच मुद्रा. कढत पाणी नको, सुजलेला हात आणखी सुजतो. मग कोपर अंगाला, वळकटी मध्ये, आणि हात उताणा-पालथा. पहिले दोन आठवडे मोकळा. डॉक्टरांनी हाड भरल्याचं बघितल्यावर तिने हातात लाटणं दिलं. लाटण्याचं एक टोक मुठीत धरायचं, दुसरं वर. हात उताणा करताना लाटण्याचं वजन आपोआप मनगट आणखी थोडं वळवतं. सुरुवातीला मूठ लाटण्याच्या मध्याजवळ, म्हणजे भार कमी. जमेल तशी टोकाकडे सरकवायची. दहा वेळा, शेवटाला पाच आकडे मोजेपर्यंत थांबून, दिवसातून चार वेळा. मी शिलाई मशीनच्या शेजारीच लाटणं ठेवलं होतं. एक ब्लाउज झालं की दहा.

तिसरा व्यायाम टेबलाच्या कडेला : कोपरापुढचा हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, मुठीत पेन्सिल, आणि मूठ वर. चौथा दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडून कोपरं हळूहळू बाहेर-वर नेण्याचा. हा मला सगळ्यात दुखायचा.

दुखण्याबद्दल तिने दिलेला नियम मी भिंतीवर लिहून लावला. करताना ताण बसणारच. थांबल्यावर तास-दोन तासांत दुखणं उतरलं तर बरोबर चाललंय. रात्रभर ठणकलं किंवा सकाळी बोटं कालच्यापेक्षा सुजलेली दिसली, तर काल जास्त झालं. अशा दिवशी व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा. "सोसेल तेवढं सोस" हे बाळंतपणात ठीक असेल; मनगटावर जबरदस्ती केली की ते रुसतं.

ताकदीचा नंबर नंतर. तेव्हा कणीक मळणे, ओला रुमाल पिळणे, वाटीतली बटणं एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकणे ही कामंच व्यायाम म्हणून दिली. प्रत्येक आठवड्याला माप घेऊन ती एखादं काढायची, एखादं घालायची. तिसऱ्या भेटीत उताणा हात ४५ वर अडकला होता. तिने माझा दंड धरला, दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर, हाडाजवळ पकडलं आणि अगदी सावकाश, डोळे माझ्या चेहऱ्यावर ठेवून, वळवत नेलं. मी ओठ चावला की थांबायची. सुटला की आणखी केसभर पुढे. दहा मिनिटांनी कोनमापकावर ५५. घरी जाऊन ते दहा अंश टिकवायचे हे माझं काम, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत ४५.

एक युक्ती माझी स्वतःची. तिच्यासमोर बरोबर केलेल्या व्यायामाचा व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर काढून घेतला. घरी शंका आली की दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच हाताकडे बघायचं. आणि आरशासमोर बसायचं, कोपराची चोरी लगेच दिसते.

तिच्यापासून काही लपवू नका

मी लपवलं. नवरात्रात ऑर्डर घेतल्या आणि चार थरांच्या अस्तरावर कात्री चालवली. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी कळ. भेटीला गेल्यावर म्हटलं, "काही केलं नाही हो, उगाच दुखतंय." तिने वही बघितली, हात बघितला, आणि विचारलं, "काकू, किती ब्लाउज कापले?" कात्रीचा वण बोटावर होता. रागावली नाही. एका वेळी एकच थर, दर वीस मिनिटांनी थांबायचं, पाण्याने भरलेली बादली आणि विळीवर नारळ खवणं बारा आठवडे होईपर्यंत बंद, असं ठरवून दिलं. व्यायाम केला नसेल तर "केला नाही" म्हणून सांगा. नाहीतर ती समजणार की व्यायामाचा उपयोग होत नाही, आणि उगाच बदलणार.

यासाठी फिजिओची वाट बघू नका

काही गोष्टींसाठी थेट डॉक्टर. हात आगीत धरल्यासारखा जळतोय, इजेच्या मानाने फार जास्त दुखतंय, कातडी चकचकीत झाली, रंग लाल-निळा बदलतोय, घाम सुटतोय, नुसता पदर लागला तरी कळ येते : हे लवकर दाखवावं लागतं, उशीर झाला तर हात कायमचा आखडू शकतो. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर राहणं, रात्री मुंग्यांनी जाग येणं म्हणजे मज्जातंतूवर दाब. आणि एक सोपी तपासणी रोज करा : तळहात टेबलावर पालथा ठेवून नुसता अंगठा वर उचला. काल उचलत होता आणि आज उचलतच नाही, असं झालं तर अंगठ्याची दोरी तुटलेली असू शकते. हाड नीट बसलेलं असतानाही, काही आठवड्यांनी असं होऊ शकतं.

आणि बायांनो, पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत का ते विचारा. डेक्सा नावाची तपासणी असते. माझी फिजिओनेच आठवण करून दिली म्हणून झाली. हाडांची घनता कमी निघाली, औषध सुरू आहे. पुढच्या वेळी मनगटाऐवजी खुबा मोडला असता.

किती भेटी, आणि कधी थांबायचं

एकूण सात भेटी झाल्या, नऊ आठवड्यांत. शेवटच्या दोन पंधरा-पंधरा दिवसांनी. तिनेच सांगितलं की साधं फ्रॅक्चर असेल, बोटं-खांदा मोकळे असतील, तर पुष्कळांना दोन-तीन भेटी आणि घरचा व्यायाम पुरतो. तुम्हाला कायमचं बांधून ठेवणारा माणूस चांगला नाही. तीन भेटींत आकडा हललाच नाही तर मात्र "का?" असं विचारा, आणि गरज पडली तर परत एक्स-रे.

दिवाळीनंतरचं शेवटचं माप : उताणा ७५, मनगट मागे ५५, मूठ १४ किलो. डाव्याची बरोबरी झाली नाही. ती म्हणाली, रोजच्या बहुतेक कामांना मनगट मागे-पुढे चाळीस-चाळीस अंश वळलं तरी भागतं. काजं-बटणं पूर्वीसारखी होतात. जीन्सची शिलाई उसवायला मी अजून घेत नाही, मूड नाही म्हणून सांगते.

यंदा पहिला पाऊस पडल्यावर यांनी पाखाडीवर ब्लीचिंग पावडर टाकली. तारेच्या ब्रशने घासायला मी होते, उजव्या हाताने. बादल्या त्यांनी ओतल्या.